हो, मुक्वाई

न्कांदूनं मला शिव्या द्यायचं थांबवलं आणि मी या गावात एकटी पडले.

कुणाला हसू येत असेल तर येऊ दे. शिवी ही आमच्यात काय चीज आहे ते ज्याला ठाऊक नाही, त्याला माझं दुःख कळायचं नाही. मी न्गोनी जमातीची. पूर्वेकडची, चिपाटाच्या बाजूची. न्कांदू बेंबा जमातीची, इथली, उत्तरेची. आमच्या खापरपणजोबांनी एकमेकांची डोकी फोडली, गावं जाळली, आणि शेवटी दमून ठरवलं की यापुढं भांडायचं ते फक्त तोंडानं. तेव्हापासून न्गोनी आणि बेंबा समोरासमोर आले की एकमेकांची लाज काढतात. राग मानायचा नाही. मानला तर तोच हलका. मयताच्या घरीसुद्धा हेच. बेंबा मेला तर न्गोनी जाऊन त्याच्या शवपेटीला टेकून बसणार आणि म्हणणार, "ऊठ रे आळशा, शेत नांगरायचं टाळायला मेलास होय?" आणि रडून रडून सुजलेली त्याची बायको फिस्सकन हसणार. सख्ख्या भावाला हे करता येत नाही. त्याला फक्त रडता येतं.

मी नर्स. सरकारनं माझी बदली इथं केली. रस्त्याच्या कडेचं गाव, दिवसरात्र टांझानियाकडं जाणारे ट्रक, ओळखीचं कुत्रं नाही. पहिल्या दिवशी मुलांच्या वॉर्डात पाऊल टाकलं तर टेबलापाशी एक जाडजूड म्हातारी नर्स औषधं काढत बसलेली. तिनं माझं नाव विचारलं. मी सांगितलं, झेलिपा सोको.

"पूर्वेची का गं?"

"हो."

"मग आजपासून औषधाच्या कपाटातले उंदीर मोजून ठेवते बाई. एक जरी कमी झाला तर तुझ्या पोटात शोधणार."

सगळा वॉर्ड हसला. आमच्याकडं उंदीर भाजून खातात, ते खरंच आहे, आणि चांगले लागतात.

मी म्हटलं, "मोज की म्हातारे. माकडं खाऊन खाऊन तुझे हात गुडघ्यापर्यंत आलेत, कपाटाच्या मागंसुद्धा पोचतील."

ती इतकी हसली की हातातली सुई खाली पडली. दुपारी तिनं मला आपल्या ताटात ओढलं. एकाच ताटातला उब्वालीचा, मक्याच्या घट्ट उकडीचा डोंगर, आम्ही पाच नर्सा बोटांनी तोडून खातोय, आणि ती माझ्या बाजूची भाजी आपल्याकडं ओढत म्हणतेय, "हिला नको, हिला शेपटी नसलेलं पचत नाही." त्या घासाला मी या गावची झाले. पुढं मला मलेरियानं आडवं केलं तेव्हा तिनं माझ्या खोलीवर येऊन मला लहान पोरासारखं पुसून काढलं आणि सगळा वेळ माझ्या हाडांना नावं ठेवली. आईची आठवण आली की मी न्कांदूकडं जायची आणि दोन शिव्या खाऊन यायची.

आता दुसरी गोष्ट. मुक्वाई.

हा इथला आदराचा शब्द. मोठ्यांशी बोलताना मागं जोडायचा. गावाकडून आलेली बाई नर्सपुढं गुडघे टेकते, पोकळ हातांनी हळू टाळी वाजवते आणि म्हणते, हो, मुक्वाई. पोराला ताप आहे का? हो, मुक्वाई. ताप उतरला का? हो, मुक्वाई. मोठ्या माणसाला नाही म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडावर मारणं, हे तिला दूध पाजतानाच शिकवलेलं असतं. बाहेरची माणसं म्हणतात, किती गोड लोक, किती नम्र. नम्र! ती नम्रता आम्ही नर्सा-डॉक्टर रोज फुकट खातो. तिला घाबरतं ठेवलं की आपलं काम लवकर उरकतं. वॉर्डात पाय ठेवलेल्या प्रत्येक नर्सला हे ठाऊक असतं, आणि एकजण बोलत नाही.

पावसाळा भरात होता. वॉर्ड मुलांनी असा खच्चून भरला होता की एका खाटेवर दोन-दोन आया, चार-चार पाय. खाटेच्या पायाशी कार्ड लटकवलेलं. सहाव्या खाटेवर खिडकीकडं एक मुलगी सकाळीच गेली. त्याच खाटेवर गिव्हन नावाचा पोरगा होता, दीड वर्षाचा, झटके येणारा. त्याची आई जाणती, चार पोरांची. मेलेल्या पोराच्या जागी आपलं पोर कोण ठेवतं? मीसुद्धा ठेवणार नाही. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि दाराजवळच्या खाटेवरच्या एका पोरवयाच्या आईला म्हणाली, "ऊठ. तू तिकडं जा, मी इथं बसते."

ती पोरवयाची आई म्हणजे मर्विस. नामवांगा लोकांतली, डोंगरापलीकडच्या गावची. तिचं बाळ लुबुतो, वर्षाच्या आतलं, छातीत कफ भरून आलेलं, पण दोन दिवसांत उतार पडलेला. मर्विस म्हणाली, "हो, मुक्वाई." आणि उठून मेलेल्या पोराच्या खाटेवर जाऊन बसली. कार्डं होती तिथंच लटकत राहिली.

हे सगळं आम्हाला नंतर कळलं. आया अशा जागा बदलतात हे मात्र आधीपासून माहीत होतं. न्कांदूला तर सगळ्यांत जास्त. नव्या पोरींना तीच शिकवायची, "कार्ड वाचू नका, पोर वाचा."

दुपारच्या फेरीला ती ट्रे घेऊन निघाली. मी शेजारच्या खाटेवर एका पोराची सलाईन लावत होते, शीर सापडत नव्हती, मान वर करायला फुरसत नव्हती. पण कान उघडे होते. न्कांदू सहाव्या खाटेपाशी थांबली.

"गिव्हन ना गं हा?"

"हो, मुक्वाई."

"पाय काढ बाहेर."

पोर आईच्या चितेंगेत, कमरेच्या रंगीत कापडात गुंडाळलेलं, बाहेर फक्त एक पाय. पायाला काय नाव असतं? झटके थांबवायचं ते इंजेक्शन, दीड वर्षाच्या पोराच्या मापाचं, लुबुतोच्या मांडीत गेलं. पोर रडलं, मर्विसनं छातीशी धरलं, आणि ते झोपलं. खोकून खोकून किती दिवस झोपलं नव्हतं बिचारं. मर्विसचा चेहरा मला आठवतो. तिला बरं वाटलं होतं.

उन्हं कलली तेव्हा दाराजवळून आरडाओरडा झाला. एका पोराला झटके आले होते. आम्ही दोघी धावलो. न्कांदू म्हणाली, "अगं हा तर गिव्हन. याला दुपारीच टोचलंय मी." मग आईला, "टोचलंय ना गं याला?"

"हो, मुक्वाई."

मी त्या बाईला म्हटलं, "कुठं टोचलंय? दाखव." तिनं पोराच्या दोन्ही मांड्या उघड्या केल्या. दोन्ही कोऱ्या.

न्कांदूनं माझ्याकडं पाहिलं. मी तिच्याकडं. मग दोघींनीही खिडकीकडं पाहिलं.

लुबुतोचे ओठ करडे झाले होते. मी त्याला टेबलावर घेतलं, तोंडावर मास्क धरून फुगा दाबत राहिले, न्कांदू छाती दाबत राहिली, डॉक्टर आले, त्यांनीही दाबलं. बाळाची छाती आमच्या हवेनं वर यायची, स्वतःच्या हवेनं नाही. शेवटी डॉक्टरांनी माझ्या हातावर हात ठेवला.

मर्विस भिंतीला टेकून उभी होती. न्कांदू तिच्याकडं गेली आणि म्हणाली, "छाती फार भरली होती, बाळे. देवानं नेलं."

"हो, मुक्वाई," मर्विस म्हणाली.

मी तेव्हा काही बोलले नाही. न्कांदू सांगेल, असं मला वाटलं. आज ना उद्या, पण तीच सांगेल.

दुसऱ्या दिवशी शवागारापाशी मर्विसच्या सासरची माणसं जमली. बायका जमिनीवर बसून रडत होत्या. मी कागद द्यायला गेले होते. मर्विस वेगळी बसली होती, तिच्याजवळ कुणी नव्हतं. तिची सासू उभी राहून बोलत होती, तिला नव्हे, सगळ्यांना.

"माझा मुलगा खाणीत राबतोय. इथं पोराची छाती फुटते. छाती अशीच फुटते का? विचारा हिला, कुणाच्या अंगाचा घाम घेऊन पोराला जवळ घेत होती."

इथं पोर छातीच्या आजारानं गेलं की आधी आईच्या चालीकडं बघतात. नवरा लांब असताना बाईनं दुसरा केला, आणि त्याच अंगानं पोराला पाजलं, की पोर खोकून मरतं, असं धरून चालतात. पुरुषाच्या चालीनं पोर मेलं म्हणून कुणाला घराबाहेर काढल्याचं मी अजून पाहिलं नाही. खाणीवरच्या त्या नवऱ्याला कोण विचारणार होतं?

"मोठी माझ्याकडं राहील," सासू म्हणाली. "मुलगा खाणीवरनं आला की ही जाईल आपल्या आईच्या घरी. फैसला तोच करील."

नामवांगांत मूल बापाच्या घरचं. मर्विसला चार वर्षांची एक मुलगी होती. ती तिथंच आजीच्या मागं उभी राहून आंब्याची कोय चोखत होती. मर्विस मान खाली घालून बसली होती. तिला कुणी विचारलं असतं की खरंच तू दुसरा केलास का, तरी ती काय म्हणाली असती, हे मला ठाऊक होतं.

मी थेट न्कांदूच्या घरी गेले. ती अंगणात मशरूम निवडत बसली होती.

"ये गं उंदरे. मांजर मागं लागलं की काय?"

मी शवागारापाशी ऐकलेलं सांगितलं. तिचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले.

"सासवा अशाच असतात. माझी म्हणायची, मी डोळ्यांनी गाई मारते."

"म्हातारे, तू जाऊन मेट्रनला सांग. मी येते तुझ्यासोबत. तुझ्या शेजारी उभी राहते."

"न्गोनी मला धरायला आले वाटतं!" ती हसली. "तुमच्या आजोबांनी भाले खाली टाकले होते ना गं? तू कुठनं उचललास?"

"थट्टा करू नकोस."

"मग काय करू?" ती एकदम ओरडली. "काय करू सांग! पुढच्या पावसाळ्यात मी निवृत्त होणार. तीस वर्षं त्या वॉर्डात घातली. किती पोरं माझ्या या हातांनी श्वास घ्यायला लागली, ती मोजलीस? तेव्हा कुणी कागद केला? एका दुपारी, एकटीची फेरी, ऐंशी पोरं..."

"ते पण सांग. एकटीला ऐंशी पोरं देतात हे पण सांग. मी पण सांगीन."

"त्यांना ते ऐकू येत नाही. त्यांना फक्त न्कांदू ऐकू येईल." तिचा आवाज खाली आला. "झेलिपा. पोर. मी तुला आंघोळ घातली."

हे तिनं म्हणायला नको होतं. म्हटलं नसतं तर बरं झालं असतं. मला अजून ते ऐकू येतं.

"त्या बाईची मुलगी घेतायत, न्कांदू."

"ती बाई तुझी कोण?"

"कुणी नाही."

"आणि मी?"

मी मान फिरवली. म्हटलं, "उद्या सकाळी मी मेट्रनकडं जाणार आहे. तू माझ्या आधी जावंस असं मला वाटतं."

न्कांदूनं मशरूमची टोपली उचलली, उभी राहिली, चितेंगे नीट केलं. माझ्याकडं पाहिलं नाही.

"जशी आपली मर्जी, सिस्टर सोको," ती म्हणाली. "सावकाश जा, मुक्वाई."

ती सकाळी आली नाही. मी गेले.

मेट्रन सिल्वांबा यांनी दार लावून घेतलं. सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "सिस्टर, आपण इथं एक कुटुंब आहोत."

कुटुंब! जिथं काही दाबायचं असतं तिथं लगेच कुटुंब निघतं. मी म्हटलं, "मॅडम, एक कुटुंब डोंगरापलीकडंही आहे. ते मोडतंय."

"आपण हे लेखी देणार?"

"देणार. औषधाच्या फेरीला एकच नर्स होती तेही लिहिणार. आणि ती एकच नर्स कुणी ठेवली तेही विचारणार."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांच्या खुर्चीवर थुंकले होते.

चौकशी बसली. मेट्रन, डॉक्टर, आणि जिल्ह्याहून आलेले एक साहेब, पोट टेबलाला टेकलेलं. न्कांदू कोपऱ्यात, स्वच्छ गणवेश, हात मांडीवर. साहेबांनी मला विचारलं, "सिस्टर न्कांदूंनी मुलाचं नाव विचारलं होतं, हे तुम्ही ऐकलं?"

"ऐकलं."

"आणि आईनं हो म्हटलं?"

"म्हटलं."

साहेब खूश झाले. मेट्रनकडं वळले. "मग झालं की. नियमाप्रमाणं ओळख पटवली होती. आईनं चुकीची माहिती दिली. असं लिहूया."

त्या क्षणी माझं डोकं फिरलं. मर्विसचं पोर गेलं, अब्रू गेली, दुसरं पोर जातंय, आणि आता खूनसुद्धा तिच्याच पदरात. मी उठले, दार उघडलं. बाहेर व्हरांड्यात एक बाई पोराला घेऊन बसली होती, औषधाची वाट बघत. मी तिला आत बोलावलं. ती आली आणि खुर्च्या बघून गुडघ्यावर बसली.

मी साहेबांना म्हटलं, "विचारा हिला, तू जॉइस ना म्हणून."

"हा काय प्रकार आहे?"

"विचारा."

साहेब पुटपुटले, "तू... जॉइस ना?"

तिनं टाळी वाजवली. "हो, मुक्वाई."

"तुझं नाव काय, आई?" मी विचारलं.

"एस्नार्ट, मुक्वाई."

मी तिला हाताला धरून उठवलं, बाहेर नेऊन बसवलं. तिला वाटलं तिचं काही चुकलं. आणखी एका बाईला मी घाबरवलं, त्याशिवाय त्या साहेबाच्या डोक्यात शिरत नव्हतं.

मी परत आत आले. मग कोपऱ्यातून न्कांदू बोलली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "या बायका हो म्हणतात हे मला माहीत होतं. पोरींना मीच शिकवते, आईला नाव सांगू नका, तिच्या तोंडून काढून घ्या. त्या दिवशी माझे पाय दुखत होते. आईचं काही लिहू नका. मी टोचलं."

कुणाकडंच न बघता ती हे बोलली. मला तिच्या पायाशी जाऊन बसावंसं वाटलं. तिनं मला तेवढी जागा दिली नाही.

निकाल असा: सिस्टर न्कांदूंना लांब नदीकाठच्या दवाखान्यात पाठवायचं, निवृत्तीपर्यंत. फेरीला एकच नर्स का होती, त्यावर एक ओळ नाही. आणि बाळाच्या मृत्यूचं कारण, छातीचा आजार, तेच कायम. मी मेट्रनना विचारलं, "घरच्यांना कधी सांगणार?"

"योग्य वेळी."

योग्य वेळ म्हणजे कधीच नाही, हे मला या नोकरीनं शिकवलंय.

न्कांदूला न्यायला गाडी आली तेव्हा सगळा वॉर्ड तिला निरोप द्यायला बाहेर होता. मी लांब, पाण्याच्या टाकीपाशी. ती सगळ्यांना भेटली, मग माझ्यापर्यंत चालत आली. मला वाटलं आता शिवी देईल. एक द्यावी, कसलीही. उंदीर, शेपूट, काहीही चाललं असतं. तिनं गुडघे किंचित वाकवले, मोठ्या घरच्या पाहुण्याला करतात तसे, आणि म्हणाली, "सुखी राहा, मुक्वाई." गाडीत बसली.

ती गेली आणि तिचा आदर मागं ठेवून गेली. सगळ्यांनी तो उचलला. मी खोलीत शिरले की कुणी ना कुणी खुर्ची देतं. "सिस्टर सोको, आपण बसा." हात धुवायला पाणी पहिल्यांदा मला. दुपारी त्या तिघी एका ताटात जेवतात, आणि माझं जेवण वेगळ्या ताटलीत येतं, वर झाकण, पाहुण्याला देतात तसं. भाजी भरपूर असते. कुणी ओढून घेत नाही. एकदा मी धाकट्या नर्सला, तीही बेंबाच, म्हटलं, "काय गं माकडीणबाई, आज शेपटी घरी विसरलीस?" ती उठून उभी राहिली. "माफ करा, सिस्टर," म्हणाली. जिथं थट्टेचं नातं आहे तिथं माफी मागतात ती माणसाला बाहेर काढायलाच.

मी कुणाला दोष देत नाही, असं म्हणायची पद्धत आहे. मी देते. सगळ्यांना देते. न्कांदूवर त्यांचं प्रेम होतं, माझंही होतं. त्यांचं प्रेम मर्विसच्या मानेवर पाय देऊन उभं होतं, एवढाच फरक.

सुट्टीच्या दिवशी मी भाड्याच्या सायकलवाल्याच्या मागं बसून डोंगरापलीकडं गेले. कुणी पाठवलं नव्हतं. मेट्रनना कळलं असतं तर माझीही नदीकाठी रवानगी झाली असती, आणि तिथं तर न्कांदू होती.

सिवाले यांचं घर, मर्विसचं सासर. अंगणात आंब्याखाली सासू, थोरला दीर, दोन म्हातारे. मर्विस चुलीपाशी होती, तिचं गाठोडं बांधून दाराला टेकवलेलं. नवरा परवा येणार होता. मी गुडघे टेकले. या वेळी मीच टेकले.

"मी दवाखान्याची नर्स. लुबुतो बरा होत होता. आमच्या हातून त्याला दुसऱ्या पोराचं इंजेक्शन गेलं. त्यानं त्याचा श्वास थांबला. छातीनं तो मेला नाही. या बाईच्या चालीनं तर नाहीच."

सासू म्हणाली, "तुला हिनं पाठवलं. काय दिलं हिनं तुला?"

"काही नाही."

थोरला दीर म्हणाला, "दवाखान्यानं आम्हाला वेगळं लिहून दिलंय."

"खोटं दिलंय."

"मग मोठे साहेब का नाही आले? मेट्रन का नाही आल्या?"

"त्या येणार नाहीत."

"म्हणजे तू एकटीच हे बोलतेयस."

"एकटीच."

"त्यांना कळलं तर?"

"काढतील."

तो उठून दाराजवळच्या गाठोड्यापाशी गेला. मग म्हणाला, "खोटं बोलायचं असतं तर चारजणांना घेऊन आली असतीस." आईकडं वळला. "आई, गाठोडं आत ठेव."

"मी ठेवू?"

"तूच बांधायला लावलंस ना? तूच ठेव."

म्हातारी कुरकुरत उठली. हे असं होईल, अशी मला आशाही नव्हती. मला रडू फुटेल असं वाटलं, तेवढ्यात मर्विस चुलीपासून आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. उभी. मी अजून जमिनीवर होते.

"कोण होतं ते?" तिनं विचारलं. "ती जाडी म्हातारी?"

"आम्ही होतो. दवाखाना."

"तू कुठं होतीस?"

"शेजारच्या खाटेवर."

"तुला ऐकू आलं होतं? ती मला काय म्हणाली, मी काय म्हणाले?"

"आलं."

"मग तू मान वर का नाही केलीस?"

शीर सापडत नव्हती. हेच खरं उत्तर होतं, आणि ते मी तिच्या तोंडावर फेकू शकले नाही. माझ्या हातातलं पोर जगलं, हे तिला कसं सांगू?

"मी त्याला झोपलंय म्हणून पांघरूण घातलं," मर्विस म्हणाली. तिचा आवाज चढत गेला. "मी शेजारणीला म्हटलं, बोलू नको, झोपलंय माझं. मी सगळ्यांना गप्प बसवलं! तू होतीस तिथं! तू नर्स ना? तू कशाला आलीस आता माझ्या दारात? जा. जा इथनं!"

दीर म्हणाला, "मर्विस, पाहुणी आहे."

"नाही माझी पाहुणी ती!"

तिची मुलगी धावत येऊन तिच्या पायाला बिलगली. मर्विसनं तिला उचललं, आत गेली, दार लोटलं. या मुलखात पाणी दिल्याशिवाय कुणाला परत लावत नाहीत. मी उठले, तोंड वाळलेलं तसंच, आणि कुणी थांबवलं नाही. मला राग आला नाही. त्या घरात त्या पोरीनं पहिल्यांदा आवाज चढवला होता, तो माझ्यावर चढवला. चढवू दे.

रस्त्यावर एक सायकलवाला भाड्याची वाट बघत होता. मला घेऊन आलेला नव्हे, दुसऱ्या गावचा. मागं गादी बांधलेली. थोडं अंतर गेल्यावर त्यानं मान न वळवता विचारलं, "मयताला आलेलात काय, मुक्वाई?"

"हो."

"कोण गेलं?"

"एक बाळ."

"आपल्या नात्यातलं?"

"नाही."

आता त्यानं मान वळवून पाहिलं. "मग एवढ्या लांब एकट्याच आलात?"

पुढं चढ होता. तो म्हणाला, इथं उतरावं लागेल. मी उतरले. तो सायकल ढकलत पुढं गेला, मी मागनं चालत राहिले. डोंगराच्या खाली सडकेवर ट्रकांची रांग लागलेली दिसत होती, आणि उद्या माझी सकाळची ड्यूटी होती.